चाळीस झाकणं

१२ एप्रिल, शनिवार

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, तुला गोळ्या नकोत, जे भ्या वाटतं ते वहीत लिहीत जा. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय न्हाई. पण सिस्टरनी परत विचारलं तर काय सांगू, म्हणून लिहिते.

माझं नाव तनुजा. वय चोवीस. पोरगी यशोधरा, तिला यशू म्हणतो, सहावं लागलंय. यशूचे पप्पा आठ महिने झाले गुजरातला कंपनीत गेलेत, इथलं कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून. आम्ही दोघी महाळुंग्यात खोली घेऊन राहतो.

आता भ्या लिहिते. फेब्रुवारीत मी कंपनीत सेकंड शिफ्टला होते. यशू शेजारच्या मावशीकडं होती. मावशीचा डोळा लागला आन यशू मला शोधायला निघाली. एकटी, तळेगाव रोडवर. कंटेनरवाल्यानं करकचून ब्रेक मारला. सुपरवायझरनी येऊन सांगितलं तेव्हा मशीन चालूच होतं, ते तसंच टाकून मी पळाले. तिला काही झालं न्हाई. गुडघा पण खरचटला न्हाई. पण तेव्हापासून ती नजरेआड झाली की माझे हात गार पडतात.

कंपनी सोडली. आता युसुफचाचांच्या शेडवर जाते. बाहेरच्या देशातून कंपन्यांत मशीन येतं ते मोठ्या लाकडी खोक्यात येतं. ती रिकामी खोकी चाचा घेतात. आपण ती फोडायची, खिळे उपटायचे, फळ्या रचून ठेवायच्या. चाचा त्याची पॅलेट बनवून परत कंपन्यांना देतात. यशूला सोबत नेता येतं, म्हणून हे काम धरलं.

लिहून बरं वाटलं का? न्हाई. हात दुखला.

१४ एप्रिल

जयंती. आमच्या गल्लीतूनच मिरवणूक गेली. मी पांढरी साडी नेसले, यशूला निळा फ्रॉक घातला, दारापर्यंत गेले. गर्दी बघितली. गर्दीत हात सुटला तर? परत आले. यशू खिडकीला नाक लावून बसली आन ढोल वाजला की माझ्याकडं बघायची. साडी घडी करून ठेवली.

१९ एप्रिल, शनिवार

हे कुणाला सांगितलं न्हाई. शेडवर मी यशूला ओढणीनं बांधते. एक टोक तिच्या कमरेला, एक लोखंडी खांबाला. तिथून रस्ता पन्नास पावलांवर हाय. चाचा बघतात, बोलत न्हाईत. एकदा फक्त म्हणाले, "बेटा, लांब ओढणी घे की जरा."

बसून बसून ती कंटाळते. बांगड्यांचे तुकडे, मणी, बाटल्यांची झाकणं गोळा करते. म्हणाली, मला डबा दे ठेवायला. मी फोडलेल्या खोक्याची फळी घेतली. चाचांनी कोपरे दाखवले. खिळा न मारता दोन्ही फळ्यांना दात पाडायचे आन एकमेकांत बसवायचे. त्यांचे वडील कपाटं बनवायचे असं. मला वाटलं जमणार न्हाई. चौथ्या खेपेला जमलं. दात बसताना टक् आवाज आला आन माझ्या अंगावर काटा आला, चांगला काटा.

झाकण बसवायला गेले तर त्याला चीर पडली. दुसरी फळी घ्यायची तर दिवस संपत आलेला. माझ्या आईची काठवट अशीच फुटली होती, तिनं तारेचे टाके घातले आन पुढं दहा वर्षं तिच्यात भाकरी थापल्या. मी पण तसंच केलं. बारीक भोकं पाडली, जळक्या मोटारीतली तांब्याची तार घेतली, पाच टाके घातले. लाकूड काळपट, खिळ्याच्या गंजाचे डाग. पण यशू खूश. झाकण उघडते, लावते, उघडते, लावते.

२३ एप्रिल, बुधवार

आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू, भिमाबाई. जालन्याकडून यष्टीनं, न सांगता. खोलीला कुलूप बघून विचारत विचारत शेडवर आल्या आन आधी त्यांना यशू दिसली. बांधलेली.

"लेकराला शेरडावानी बांधलंस? कामून? काय गुन्हा केला तिनं?"

त्यांनी दातानं गाठ सोडली. ओढणी माझ्या पायावर टाकली. खिळे उपटणाऱ्या दोन बाया बघत होत्या. मला जमीन फाटावी असं झालं.

घरी आल्यावर त्यांनी लेकाला फोन लावला आन मोबाईल माझ्या हातात दिला. हे म्हणाले, "आई म्हणती ते बरोबर हाय तनू. शाळा उघडायच्या आधी ती यशूला गावाला घेऊन जाईल. तिथं शाळा दारात हाय."

"आन मी?"

"तू कंपनी धर परत. मग बघू."

मग बघू म्हणजे कधी, ते विचारायचं राहिलं.

आत्याबाई म्हणाल्या, "तू वाईट न्हाईस. पण तुझ्यात धीर न्हाई. धीर नसल तर लेकरू वाढत न्हाई." त्या शाळा उघडेपर्यंत इथंच राहणार.

२६ एप्रिल

चाचांनी सांगितलं, कंपन्या आता प्लास्टिकची पॅलेट घेतात. लाकडाचं काम कमी कमी होत चाललंय. "मे महिना निघंल, बेटा. पुढचं अल्ला जाणे." काम गेलं तर मला कंपनीच. कंपनी म्हणजे शिफ्ट. शिफ्ट म्हणजे यशू जालन्याला. हे मी चार वेळा उलटंसुलटं करून बघितलं, दर वेळी शेवटी तेच येतं.

२ मे, शुक्रवार

शेडवर एक गाडी आली. निगडी प्राधिकरणातल्या इंद्रायणीताई. जपानी कंपनीत दुभाष्या हायेत, म्हणजे साहेब जपानीत बोलतो ते त्या मराठीत सांगतात आन आपलं त्याला सांगतात. त्यांना जुन्या खोक्याचं लाकूड बघायचं होतं. बघता बघता यशूपाशी बसल्या आन तिचा डबा उचलला.

"ही पेटी कुणी केली?"

मला वाटलं फळी चोरली म्हणतात. मी म्हणाले, "ताई, चाचांना विचारून घेतलीय. विचारा त्यांना."

"अगं, मी ओरडत नाहीये. कुणी केली विचारतेय."

"मीच. झाकण फुटलंय, ते दुसरं बसवायचंय."

"हात लावू नकोस त्याला," त्या म्हणाल्या. चारी बाजूंनी फोटो काढले. यशूला विचारलं, दोन दिवस नेऊ का? यशूनं आधी सगळे मणी मोजून काढून घेतले, मग दिला.

६ मे, मंगळवार

ऑर्डर मिळाली! चाळीस पेट्या.

त्यांच्या कंपनीतले हिराता साहेब आठ वर्षं इथं राहून आता कायमचे जपानला चाललेत. त्यांच्या लाईनवर पहिल्या दिवसापासून चाळीस माणसं हायेत, प्रत्येकाला एक पेटी आन आत चहाचा एक कप असं द्यायचंय. नऊ जूनला निरोपाचा कार्यक्रम. माल सहा तारखेला द्यायचा, कारण सातला बकरी ईद, शेड बंद.

ताईंनी यशूचा डबा परत आणला, म्हणाल्या साहेबांना लई आवडला. ताईंनी एक जपानी शब्द सांगितला, वाबी-साबी. म्हणजे जुनं झालेलं, डाग पडलेलं, पुरतं सरळ नसलेलं, त्यातच शोभा बघायची. मी मान हलवली. मनात म्हणाले, भंगार चांगलं दिसतं असं म्हणायला माणूस श्रीमंत असावा लागतो. आमच्या घरी सगळंच वाबी-साबी हाय, कुणी फोटो काढायला आलं न्हाई.

चाचा म्हणाले, "काम तुझं. शेड माझी, हत्यारं माझी. हे जमलं तर आपण पॅलेटचा नाद सोडू, मग तू इथं पाहिजे तेवढी वर्षं."

आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी होऊ दे." बस. तेवढंच.

९ मे, शुक्रवार

मी तीन वर्षं कंपनीत काढलीत, मला माहीत हाय काम कसं करतात. पहिला पीस पास झाला की त्याच्यावर सही होते, तो काचेच्या कपाटात जातो. पुढचा प्रत्येक पीस त्याच्याशी जुळवायचा. केसाएवढा फरक निघाला की लाल डब्यात.

यशूचा डबा पास झाला. म्हणजे तो आपला पहिला पीस.

मी पत्र्याचा साचा कापला. चीर कुठून सुरू, कुठं संपते, टाक्यांची भोकं कुठं, सगळं मापानं. झाकणावर साचा ठेवायचा, पेन्सिल मारायची, पटाशीनं तेवढीच चीर पाडायची. पाच टाके. बाकी अंगावर खिळ्यांची भोकं असतात, त्यात लांबी, म्हणजे भोक बुजवायचा लगदा, भरून घासून टाकायची, कारण पहिल्या पीसला तिथं भोक न्हाई. आज तीन झाल्या. शेजारी ठेवल्या तर कुठली कुठली ते मला ओळखू येईना. लई दिवसांनी मान ताठ झाली.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. आत्याबाईंनी खीर केली आन डबा भरून शेडवर घेऊन आल्या. सगळ्यांना दिली, चाचांना दोनदा. मग परत जातील वाटलं, तर बसल्याच. यशूला मांडीवर घेऊन माझ्या हाताकडं टक लावून. मला कळतंय. माझी चूक सापडायची वाट बघतायत, लेकाला सांगायला. एकदा चाचांना विचारत होत्या, "हे लाकूड कुठल्या झाडाचं? लई मऊ वास हाय." काहीतरी काढून घ्यायचं असणार.

भ्यानं माझी पटाशी दोनदा सटकली. ती दोन झाकणं फेकून दिली. चीर वाकडी गेली होती.

१७ मे

आत्याबाई रोज येतात आता. लक्ष ठेवायला. मी सकाळी यशूला बांधते, त्या आल्या की माझ्याकडं न बघता गाठ सोडतात. काल म्हणाल्या, "दे तो घासायचा कागद, बसून पाय दुखतात." पाय दुखतात तर कागद कशाला, ते मला कळलं न्हाई. पण घासतात चांगलं.

२१ मे, बुधवार

सगळं बुडालं.

बावीस झाल्या होत्या. ओळीनं लावल्या, वर कापड टाकलं, ताई आल्यावर कापड काढलं. मला वाटलं त्या टाळ्या वाजवतील. त्यांनी पहिली उचलली, दुसरी उचलली, तिसरी. मग सगळ्यांवरून नजर फिरवली आन खाली बसल्या.

"तनुजा, या सगळ्यांना एकाच जागी चीर कशी?"

"साच्यानं पाडली ताई. एकाला पण फरक न्हाई, मोजून बघा."

"तू पाडलीस?"

"मग काय आपोआप पडणार?"

त्यांनी हातातली पेटी परत ओळीत ठेवली. मग म्हणाल्या, "साहेबांना हे चालणार नाही. ते नाहीच म्हणतील."

मी रागानं बोलले, पहिल्यांदाच कुणावर तरी. "तुम्हीच पास केली ना ती? तुम्हीच फोटो काढला. आता तसंच करून दिलं तर चालत न्हाई? चांगलं केलं तर वाबी-साबी न्हाई, फुटकं केलं तर रिजेक्ट? आम्ही करायचं तरी काय?"

ताई गेल्या. दिवस राहिले सोळा. आत्याबाई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. आज रात्री लेकाला फोन जाणार.

२२ मे

फोन गेला न्हाई. का न्हाई गेला ते कळलं न्हाई. आत्याबाई फक्त म्हणाल्या, "भाकर खा."

२३ मे, शुक्रवार

हिराता साहेब स्वतः शेडवर आले. ताईंनी आणलं. बारीक, पांढरे केस, पायात सेफ्टी शूज. चाचांनी खुर्ची पुसली, तर ते उलट्या खोक्यावर बसले. मी पदर आवळून उभी. वाटलं आता ओरडतील. क्वालिटीचे सगळ्यात मोठे साहेब हायेत, ते ओरडले की लाईन बंद पडते म्हणतात.

त्यांनी यशूचा डबा हातात घेतला आन चिरेवर बोट ठेवलं. जपानीत बोलले. ताईंनी सांगितलं, "विचारतात, ही कशी पडली?"

मी सांगितलं. यशू कंटाळली होती, मी घाईत होते, गाठीजवळ फळी कमजोर होती, मग आईची काठवट आठवली. ताई एकेक वाक्य त्यांना सांगत होत्या. काठवटीला त्या थांबल्या, हातानं भाकरी थापून दाखवली. साहेब हसले.

मग बावीसातली एक घेतली. "ही चीर?"

"सोमवारी पाडली."

दुसरी. "ही?"

"ती पण सोमवारीच."

तिसरी. मी तोंड उघडायच्या आधीच यशू ओरडली, "सोमवारी!"

चाचा हसले, साहेब हसले, मला पण हसू आलं. आन तेव्हाच कळलं. पहिल्या चिरेचं सांगायला माझ्याकडं किती होतं. बाकीच्यांचं, सोमवार.

साहेब उठले, फेकायच्या ढिगाकडं गेले. मी जी झाकणं वाकडी म्हणून टाकली होती ती उचलली. एका फळीवर बाणाचा छाप आन अर्धी जपानी अक्षरं होती, खिळ्याभोवती गंजाचं काळं-निळं कडं. त्यावर तळवा ठेवून उभे राहिले. ताई हळू आवाजात सांगत होत्या, "म्हणतात, अडतीस वर्षं मी प्रत्येक वस्तू दुसरीसारखी करायला लावली. माझं कामच ते. पण ती चाळीस माणसं एकसारखी नाहीत. एकजण रोज मशीनला फूल वाहतो. एकजण आठ वर्षांत एकदाही माझ्याशी बोलला नाही, पण मला चहा कसा लागतो ते त्याला माहीत आहे. त्यांना एकसारखी पेटी मी कशी देऊ?"

जाताना ते आमच्या सगळ्यांसमोर कमरेत वाकले. आत्याबाईंसमोर पण. आत्याबाईंनी गडबडीनं हात जोडले, "जय भीम" म्हणाल्या. साहेबांनी पण तसंच म्हणून बघितलं.

२४ मे

पत्र्याचा साचा चाचांच्या भंगारात टाकला.

चौदा दिवस, चाळीस पेट्या. चाचा म्हणाले, "रडू नको. बावीस पेट्यांची अंगं चांगली हायेत, दात घट्ट बसलेत. फक्त झाकणं बदल." पण अंगाला मी लांबी भरलीय. ती आता उकरून काढायची! मी भोकं बुजवायला आठ दिवस घालवले, आता उघडायला आणखी. आत्याबाई दाभण घेऊन बसल्या. "गोधडी शिवायचं दाभण हाय, ह्याला काय भोक नवं?" एकेक भोक साफ करतात, फुंकर मारतात, आत बघतात.

२६ मे, सोमवार

झाकणाची फळी आता मी आधी बघते. अर्धा अर्धा तास. लोकांना वाटंल बसून हाय. गाठ कुठं हाय, ओल कुठं लागलीय, खोकं उतरवताना फोर्कलिफ्टचा दात कुठं घुसलाय. तिथं रंधा थांबवायचा, तेवढं राहू द्यायचं. फुटलं तर टाका. न फुटलं तर उगीच फोडायचं न्हाई. आज एक झाकण आपोआप चिरलं आन मी लॉटरी लागल्यासारखी खूश झाले. चाचा म्हणाले, "येडी झाली ही."

न घाबरता लिहिते, हे सोपं न्हाई. साच्यानं करणं सोपं होतं. तिथं चूक झाली तर साच्याची. इथं प्रत्येक झाकणाला मलाच ठरवावं लागतं की बस, आता पुरे. दर वेळी वाटतं, चुकलं तर?

३१ मे, शनिवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

एका झाकणाला मधोमध गाठ होती, ती निखळून पडली, आरपार भोक. मी ते भोक कडेनं घासत होते. मान वर केली तर खांबापाशी यशू न्हाई. ओढणी बघितली तर ती खिळ्याला लटकलेली. सकाळी बांधायचं राहूनच गेलं होतं. काल पण बांधलं होतं का? आठवंना.

हात गार पडले. रस्त्याकडं पळणार, तेवढ्यात शेडच्या मागून आवाज आला, "ही भोकाची, ही बाणाची, ही डागाची." यशू झालेल्या पेट्या ओळीनं लावत होती, आत्याबाई नावं सांगत होत्या. रस्त्याकडच्या बाजूला आत्याबाई बसलेल्या, मध्ये यशू. त्या कधीपासून तिथं बसतात विचारलं, तर चाचा म्हणाले, "रोजच की. तिथंच बसतात, ऊन असलं तरी. तुला दिसलं न्हाई?"

न्हाई दिसलं. मला वाटलं माझ्यावर लक्ष ठेवायला बसतात.

परत येऊन गाठीचं भोक पुरं केलं. हात परत गरम झाले होते.

६ जून, शुक्रवार

चाळीस. दुपारी तीन वाजता शेवटची झाली. आत्याबाईंनी सगळ्यांना जवसाचं तेल तळव्यानं चोळलंय, त्यांचे तळवे चकाकतायत. नूरबीचाची, चाचांची बायको, उद्याच्या ईदची तयारी सोडून बघायला आली, तिनं एकीला हात लावला आन म्हणाली, "ही मला द्यायला नको होती का कुणी?" चाचा म्हणाले, "चाळीसच हायेत बेगम, नजर लावू नका."

टेम्पोत भरताना मला रडू आलं. प्रत्येकीचं काय झालं ते मला माहीत हाय.

९ जून, सोमवार

मला काहीही झालं तरी हे सगळं लिहायचंय.

ताईंनी मला, चाचांना, आत्याबाईंना आन यशूला कंपनीच्या हॉलवर नेलं. गेटवर पास मिळाला. आत्याबाईंनी ठेवणीतली पांढरी साडी काढली, पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, कुणी बसवलं न्हाई तरी.

लांब टेबल, त्यावर चाळीस पेट्या. मला वाटलं साहेब एकेकाला वाटतील. त्यांनी सांगितलं, या, आपापली निवडा. चांगल्या चांगल्या लोक उचलतील आन भोकाची तशीच राहील. सगळ्यांसमोर. मी त्या एका पेटीकडंच बघत होते.

पहिला उठला तो एक जाडा माणूस, रोहिदास नावाचा. सगळं टेबल फिरला, पेट्या उचलून वास घेतला, आन भोकाचीच घेतली.

मागून कुणीतरी ओरडलं, "रोहिदासभाऊ, त्याला भोक हाय, दुसरी घ्या!"

"मला दिसतंय रे! भोकातून बघितलं तर तू पण बरा दिसतोस!"

सगळा हॉल हसला. मग गर्दीच झाली. "ए भावा, बाणाची मी बघितली होती!" "तुझं नाव लिहिलंय का तिच्यावर?" एकजण होता, उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेलेली. त्यानं कोपरा तुटलेली उचलली, त्या राहिलेल्या बोटांत ती बरोब्बर बसली. तो काही बोलला न्हाई. मला वाटतं हाच तो न बोलणारा. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, त्यानं पेटी जरा वर करून दाखवली.

टेबल रिकामं झालं. एक पण उरली न्हाई. एकानं पण बदलून मागितली न्हाई.

मग ताईंनी माईकवर माझं नाव घेतलं. तनुजा, महाळुंगे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले. साहेबांनी विचारलं, आता काय करणार? मी काही ठरवून आले नव्हते. तोंडातून निघालं, "पुढची पेटी." त्यांना ते सांगितल्यावर ते लई वेळ हसले. खाली आल्यावर तीन बायांनी नंबर घेतला, एक तर तिथल्याच मोठ्या मॅडम, त्यांना दिवाळीच्या आधी ऐंशी पाहिजेत. चाचांनी दोन वेळा विचारलं, "ऐंशी? आठ आन शून्य?"

परत येताना बसमध्ये आत्याबाई खिडकीकडं तोंड करून. आता बोलतील, मग बोलतील. महाळुंगे आलं तेव्हा बोलल्या. "गुरुवारची यष्टी हाय माझी."

मी यशूला जवळ ओढलं.

"तिकीट एकटीचंच काढ. पेरणीला मला जावं लागंल. पोरगी इथंच शिकंल."

यशूचे पप्पा संध्याकाळी फोनच्या स्पीकरवर म्हणाले, आई, नक्की का? आत्याबाईंनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. "तू गप. तू आलास का कधी बघायला? चाळीस माणसं भांडत होती तुझ्या बायकोच्या कामासाठी. तूच ये इकडं." आन मोबाईल उलटा धरून बंद करायला लागल्या.

१२ जून, गुरुवार

आत्याबाईंना यष्टीत बसवलं. जाताना म्हणाल्या, "मला पण एक पेटी कर. कागदपत्रं ठेवायला. पण हे बघ, मला ते भोक, चीर, डाग काही नको. मला सरळ, नवी, चांगली कर."

"आत्याबाई, लाकूड निघंल तशी निघंल."

"बघा! शिकली म्हातारीला बोलायला!" त्या हसल्या. गाडी हलली तरी खिडकीतून सांगत होत्या, लेकराला सकाळी दूध दे, थंड न्हाई, कोमट.

मला अजून वाटतं त्या सुरुवातीला लक्षच ठेवायला यायच्या. पण कुणावर ठेवायच्या, ते आता नक्की सांगता येत न्हाई.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. यशू पहिलीत. गेटवर इतकी पोरं रडत होती, हिनं बाईंचा हात धरला आन आत गेली. मी तिथं उभी राहिले, थोडा वेळ. मग रस्ता ओलांडला, कंटेनर जाऊ दिले, शेडवर गेले. ऐंशीतल्या पहिल्या पेटीची फळी निवडायची होती. एका खोक्याच्या तळाला पाणी साचून काळी लाट उठली होती, समुद्रासारखी. मी समुद्र बघितला न्हाई, पण असाच असंल. चाचा म्हणाले, ही कापायची कुठून? मी म्हणाले, थांबा चाचा, बघू द्या. बघितलं, खूण केली, करवत लावली. पहिले दात पाडले, एकमेकांत बसवले. टक्.

एक वाजता चाचांनी हाक मारली, जेवायला चल. हात धुतले, डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला. तेव्हा ध्यानात आलं, सकाळपासून मला एकदाही भ्या वाटलं न्हाई.